पाखाडीवरचे घर आणि प्लास्टरमधला पाय : तात्पुरत्या अपंगत्वात रोजचे जगणे कसे बसवावे?

जांभा

नमस्कार.

पावसाळ्याच्या तोंडावर माझा उजवा घोटा मोडला. शस्त्रक्रिया झाली, धातूची पट्टी आणि स्क्रू बसले, आणि सहा आठवडे हा पाय जमिनीला अजिबात टेकवायचा नाही अशी ताकीद घेऊन मी देवगड तालुक्यातल्या आमच्या वाडीत परतलो. आता पाय पूर्ववत झाला आहे. त्या काळात जे उमगले ते सविस्तर मांडावे आणि इतरांचे अनुभवही एकत्र यावेत, म्हणून हा धागा काढत आहे. हाड जुळवण्याचे काम डॉक्टर चोख करतात. परंतु संडासला कसे जायचे, आंघोळ कुठे करायची, चहाचा कप स्वयंपाकघरातून ओटीवर कसा आणायचा, याबद्दल घरी सोडताना फारसे कोणी बोलत नाही, आणि कोकणातल्या घरात खरी कसोटी तिथेच लागते.

अशा वेळी घरोघरी एकच वाक्य ऐकू येते : ‘दीड महिना तर काढायचा आहे.’ बोलणाऱ्याचा हेतू धीर देण्याचाच असतो. पण या वाक्यामुळे घरात काहीही बदलायचे नाही असे आपोआप ठरून जाते. खाट आहे तिथेच राहते, संडास मागीलदारीच राहतो, आणि माणूस प्रत्येक गोष्टीसाठी कोणाच्या तरी खांद्याची वाट बघत बसतो. नाहीतर वाट न बघता एकटाच उठतो आणि पुन्हा पडतो. माझे ठाम मत असे आहे की अडचण दीड महिन्याची असली, तरी घराची मांडणी ती कायमची आहे असे समजूनच करावी, आणि ती माणूस रुग्णालयातून घरी येण्याआधी करून ठेवावी.

आपले जुने घर एका पातळीवर नसते. अंगणातून दोन पायऱ्या चढून पडवी, पडवीतून एक पायरी चढून ओटी, उंबरठा ओलांडून माजघर, तिथून पुन्हा एक पायरी उतरून स्वयंपाकघर, पलीकडे न्हाणी, आणि मागीलदारी चार पावले उघड्यावरून गेल्यावर संडास. धडधाकट माणसाला या पायऱ्या दिसतच नाहीत. कुबड्या हातात आल्या की प्रत्येक पायरी हा वेगळा निर्णय होतो. म्हणून पहिले काम म्हणजे एकच पातळी निवडणे. झोपणे, बसणे, जेवणे, आंघोळ आणि शौच या पाचही गोष्टी शक्यतो त्याच पातळीवर आणाव्यात. आम्ही पडवीच्या टोकाची खोली निवडली. तिथे पूर्वी भाताची कणगी असे. खोली अंधारी होती, पण दार पडवीत उघडत होते आणि उंबरठा नव्हता, हे दोन गुण पुरेसे ठरले.

शौचासाठी लोखंडी कमोड खुर्ची आणली. बैठकीखालचे भांडे काढले की हीच खुर्ची भारतीय पद्धतीच्या संडासावरही ठेवता येते, त्यामुळे दिवसा सोबत असताना बाहेरचा संडास आणि रात्री खोलीतले भांडे अशी सोय होते. पावसाळ्यात वीज हमखास जाते, म्हणून उशाशी चार्जिंगचा दिवा हवाच. रात्री लघवीसाठी उठताना होणारी घाई ही सर्वांत धोक्याची वेळ असते. पुरुषांनी तरी लघवीचे प्लास्टिकचे भांडे खाटेपाशी ठेवण्यात संकोच करू नये.

खाटेची उंची हा विषय कोणी मनावर घेत नाही, म्हणून त्यावर थोडे अधिक लिहितो. काठावर बसल्यावर चांगल्या पायाचा तळवा जमिनीवर पूर्ण टेकला पाहिजे आणि मांडी जमिनीला समांतर राहिली पाहिजे. जुन्या खाटा बऱ्याचदा यापेक्षा ठेंगण्या असतात, आणि ठेंगण्या खाटेवरून एका पायावर उठताना दुखरा पाय नकळत टेकला जातो. आमच्या सुताराने फणसाच्या लाकडाचे चार ठोकळे करून दिले आणि प्रत्येकात खाटेचा पाय बसेल एवढी खोबण पाडली. खोबण महत्त्वाची आहे, कारण नुसत्या विटांवर ठेवलेली खाट जोर दिल्यावर सरकते. गादी फार मऊ असेल तर तिच्याखाली फळी घालावी.

कुबड्या घेतलेल्या माणसाचे दोन्ही हात अडकलेले असतात. कुबड्या धरून हातात ताट घेऊन कोणी चालू शकत नाही, हे घरच्यांच्या लक्षात आणून द्यावे लागते. गळ्यात अडकवायची शबनम, फिरकीच्या झाकणाची पाण्याची बाटली आणि थर्मास या तीन वस्तूंनी माझे निम्मे परावलंबित्व संपवले. सकाळी थर्मासमध्ये चहा भरून खाटेपाशी आला की पुढचे दोन-तीन तास कोणाला हाक मारावी लागत नसे.

शेवटचा मुद्दा माझ्या दृष्टीने सर्वांत मोठा आहे. दुखणाईताला आतल्या खोलीत निजवून ठेवू नये. पडवीत बसवावे आणि हाताला काम द्यावे. तेव्हा रातांब्यांचा, म्हणजे कोकमाच्या फळांचा, हंगाम संपत आला होता. पाय समोरच्या स्टुलावर, मांडीवर परात, शेजारी टोपली, असे बसून मी रातांबे फोडायचो. गर आणि बिया एकीकडे, साली दुसरीकडे. सालींना रसाची पुटे देऊन उन्हात वाळवण्याचे काम घरातली मंडळी करत. पुढे पाऊस लागल्यावर फणसाच्या आठळ्या सोलल्या, शाळेच्या वह्या तपासल्या. जाणारा-येणारा पडवीपाशी थांबतो, चार शब्द बोलतो, आणि मुख्य म्हणजे कामाविषयी बोलतो, पायाविषयी नाही.

आपापले अनुभव अवश्य लिहावेत. हात मोडलेल्यांनीही लिहावे, कारण त्यांच्या अडचणी अगदी निराळ्या असणार.

सुरंगी

उत्तम धागा. मी रत्नागिरीत फिजिओथेरपीचे काम करते. तालुक्याच्या गावाहूनही दूर राहणारे रुग्ण पुन्हा दाखवायला लवकर येऊ शकत नाहीत, म्हणून काही गोष्टी स्पष्ट लिहून ठेवते.

काखेतल्या कुबड्यांची वरची गादी आणि काख यांत दोन ते तीन बोटांचे अंतर हवे. हात सैल सोडल्यावर मनगट जिथे येते तिथे मूठ असावी, म्हणजे धरल्यावर कोपर किंचित वाकलेले राहते. भार तळहातावर घ्यायचा, काखेवर नाही. काखेवर लटकून चालण्याची सवय लागली की तिथली नस दाबली जाते, हाताला मुंग्या येतात आणि मनगट उचलणेही अवघड होऊ शकते. बाजारातून आणलेल्या किंवा शेजाऱ्याकडून मागून घेतलेल्या कुबड्या दुसऱ्याच्या उंचीच्या असतात; त्या आपल्या मापाला लावल्याशिवाय एक पाऊलही टाकू नये.

पायरी चढताना आधी चांगला पाय वर ठेवावा आणि मग कुबड्या व दुखरा पाय वर घ्यावा. उतरताना याच्या उलट : आधी कुबड्या व दुखरा पाय खाली, नंतर चांगला पाय. दोन्ही वेळा शरीर उचलण्याचे किंवा सावरण्याचे काम चांगल्या पायाकडे राहते. एका बाजूला कठडा असेल तर एका हाताने कठडा धरावा आणि दोन्ही कुबड्या दुसऱ्या हाताखाली घ्याव्यात. सोबतच्या माणसाने चढताना मागे आणि उतरताना पुढे, म्हणजे नेहमी खालच्या बाजूला उभे राहावे.

आता कोकणापुरते. कुबडीच्या टोकाचे रबरी बूच झिजून गुळगुळीत झाले की ओल्या लादीवर ती सरळ निसटते, म्हणून बूच दर आठवड्याला उलटे करून पाहावे. कोरडा जांभा खरखरीत आणि चांगला असतो, पण दोन पावसांत त्यावर शेवाळ धरते. ज्या पायऱ्या वापरायच्याच आहेत त्यांवर ब्लीचिंग पावडर टाकून त्या खराट्याने घासून घ्याव्यात. अंगणात चिखल होऊ नये म्हणून आपण झावळ्या टाकतो. चालत्या पायाला त्या ठीक आहेत, पण कुबडीखाली सुटी झावळी सरकते, म्हणून त्या वाटेवरून त्या काढून टाकाव्यात. ताज्या सारवलेल्या जमिनीत बूच रुतते. चांगल्या पायात सपाता घालू नयेत. मागून पट्टा असलेली, रबरी तळव्याची चप्पल घालावी.

प्लास्टर किंवा पट्टी असेपर्यंत पाय हृदयाच्या पातळीपेक्षा वर राहील असा उशांवर ठेवावा, विशेषतः पहिले काही दिवस. बोटे सतत हलवावीत. बोटे निळसर किंवा गार पडली, बधिर झाली, प्लास्टर आवळल्यासारखे वाटून वेदना औषधानेही थांबेनाशी झाली, तर सकाळची वाट न पाहता निघावे. त्याचप्रमाणे पोटरी सुजून दुखू लागली किंवा अचानक धाप लागून छातीत दुखले, तर ती रक्ताची गुठळी असू शकते. 108 ला फोन करण्यात क्षणही घालवू नये. रुग्णवाहिका वाडीच्या कोणत्या टोकापर्यंत येते, हे घरातल्या सर्वांना आधीच ठाऊक असावे.

प्लास्टरमध्ये खाज सुटली की फूटपट्टी किंवा विणकामाची सुई आत घालण्याचा मोह होतो. आतल्या ओरखड्यात आपल्या दमट हवेत पू व्हायला वेळ लागत नाही. फायबरचे प्लास्टर पाण्याने बाहेरून विरघळत नाही हे खरे, परंतु आतला कापूस भिजला की पावसाळ्यात तो वाळत नाही आणि कातडी पांढरी पडून सोलवटते. आंघोळीच्या वेळी प्लास्टिकची पिशवी वरून घट्ट बांधून पाय न्हाणीबाहेर, दुसऱ्या स्टुलावर ठेवावा.

बकुळ

जांभा यांनी हाताविषयी विचारले आहे, म्हणून लिहिते. मी गुहागरची. पाय घसरला, पडताना हात टेकला आणि उजवे मनगट मोडले. पन्नाशीनंतर बायकांची मनगटे अशी फार मोडतात. त्यामागे हाडांचा ठिसूळपणा असू शकतो, म्हणून हाड जुळल्यावर घनतेची तपासणीही करून घ्यावी असे माझ्या डॉक्टरांनी सांगितले आणि ती मी करून घेतली.

पहिली गोष्ट बांगड्यांची. पडल्या जागी, सूज चढण्याआधी, त्या हातातल्या बांगड्या आणि अंगठ्या काढाव्यात. आपल्याकडे काचेच्या बांगड्या फोडायच्या म्हटले की वडीलधाऱ्या बायका थबकतात. कृपया थबकू नये. सुजलेल्या बोटात अडकलेली अंगठी रक्तप्रवाह थांबवू शकते, आणि मग ती कापण्यासाठी सोनार शोधत फिरावे लागते. माझ्या जाऊबाईंनी साबण लावून तिथल्या तिथे सगळे उतरवले, ही त्यांनी मला केलेली सर्वांत मोठी मदत.

स्वयंपाकघरात विळी म्हणजे दोन हातांचे काम. एक हात प्लास्टरमध्ये असेल तर विळीवर बसूच नये. माझ्या मुलाने लाकडी पाटाला खालून स्टीलचे दोन लांब खिळे ठोकून त्यांची टोके वर काढून दिली. बटाटा किंवा कांदा त्या टोकांवर रोवायचा आणि डाव्या हाताने सुरीने चिरायचा. भाजी जागची हलत नाही. काम झाले की टोकांवर बुचाचे तुकडे खोचून ठेवायचे. परात किंवा वाडगे फिरू नये म्हणून खाली ओले फडके घालायचे. खोवण्याचे मात्र काहीच जमत नाही. शेजारणींना ‘काही लागले तर सांगा’ याचे उत्तर मी ‘आठवड्याचे दोन नारळ खोवून द्या’ असे दिले, आणि ते खोबरे फ्रिजमध्ये ठेवून पुरवले. मासळीवाली दारावर येते, तिच्याकडूनच खवले काढून, तुकडे करून घ्यायचे.

मदत मागताना नेमके काम सांगावे, हे मला पटले आहे. मोघम विचारणाऱ्याला मोघम उत्तर दिले की दोघेही अवघडतात.

कपड्यांचे एक सूत्र लक्षात ठेवावे : घालताना बाही आधी दुखऱ्या हातात, काढताना दुखरा हात सर्वांत शेवटी. पुढून उघडणारे सैल गाऊन बरे पडतात; नऊवारी तर सोडाच, पाचवारीच्या निऱ्याही एका हाताने बसत नाहीत. जेवण डाव्या हाताने करावे लागते, त्याचा संकोच वाटत असेल तर चमचा वापरावा. शौचाच्या स्वच्छतेबद्दल बायका बोलत नाहीत, पण ज्यांचा डावा हात मोडला आहे त्यांना ती अडचण फार सलते. संडासात उजव्या हाताला येईल असा पाण्याचा फवारा प्लंबरकडून बसवून घेतला, तर कोणाचीही मदत घ्यावी लागत नाही.

प्लास्टर असले तरी बोटे, कोपर आणि खांदा दिवसातून अनेकदा पूर्ण हलवत राहावे. हात गळ्यात बांधून ठेवल्याने मनगटाबरोबर खांदाही आखडलेल्या बायका मी पाहिल्या आहेत.

आगोट

लेख आवडला, पण एक शंका आहे. एवढा खटाटोप करण्यापेक्षा सहा आठवडे रत्नागिरीला किंवा कणकवलीला नातेवाइकांकडे, लिफ्ट असलेल्या इमारतीत राहणे सोपे नाही का? डॉक्टरही जवळ राहतात.

जांभा

आगोट, पहिले दीड-दोन आठवडे, टाके निघेपर्यंत, जवळ राहणे शहाणपणाचेच आहे आणि आम्हीही तसेच केले. त्यापुढे मात्र दुसऱ्याच्या घरात पाहुण्यासारखे राहण्यात निराळे परावलंबित्व येते. तिथली खाट आपण हलवू शकत नाही, संडासात खुर्ची ठेवा असे सांगताना जीव अवघडतो, आणि हाताला काम तर काहीच उरत नाही. ज्यांचे हृदयाचे किंवा साखरेचे दुखणे आहे त्यांची गोष्ट वेगळी.

खाडीकाठ

पैशांची आणि कागदपत्रांची बाजू लिहितो, कारण त्याबाबत बरेच गैरसमज आहेत.

दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, 2016 या कायद्यात 21 प्रकारची अपंगत्वे दिली आहेत, परंतु व्याख्येतच दीर्घकालीन व्यंग अशी अट आहे आणि बहुतेक सवलतींसाठी किमान 40 टक्के अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागते. दीड-दोन महिन्यांच्या प्लास्टरवर हे प्रमाणपत्र मिळत नाही, म्हणून त्यासाठी जिल्हा रुग्णालयात खेटे घालू नयेत. प्रधानमंत्री सुरक्षा विमा योजनेत वर्षाला 20 रुपये कापले जातात, पण तिचे संरक्षण अपघाती मृत्यू आणि कायमचे अपंगत्व यांपुरतेच आहे. तात्पुरत्या अपंगत्वाचा आठवड्यागणिक मोबदला देणारे कलम काही वैयक्तिक अपघात विम्यांत असते. आपल्या पॉलिसीत ते आहे का हे पाहावे.

ज्यांच्या पगारातून राज्य कामगार विम्याची वर्गणी जाते त्यांनी मात्र हक्क सोडू नये. कामावर अपघात झाला असेल तर तात्पुरते अपंगत्व असेपर्यंत वेतनाच्या 90 टक्के, आणि घरी पडल्यामुळे सुटी घ्यावी लागली असेल तर आजारपणाचा लाभ म्हणून 70 टक्के दराने, वर्षात कमाल 91 दिवस रक्कम मिळते. वर्गणीच्या अटी आणि विमा वैद्यकीय अधिकाऱ्याचा दाखला यांची पूर्तता लागते. लोट्याच्या औद्योगिक वसाहतीत कंत्राटावर काम करणारी आमच्याकडची मुले कित्येकदा हे न मागताच बिनपगारी घरी बसतात, याचे मला फार वाईट वाटते.

बँकेचे सांगायचे तर सहीचा हात मोडला म्हणून खाते अडकत नाही. रिझर्व्ह बँकेच्या सूचनांनुसार आजारी किंवा असमर्थ खातेदाराचा अंगठा घेऊन पैसे देता येतात. त्यासाठी बँकेच्या ओळखीचे दोन साक्षीदार लागतात, त्यांपैकी एक बँकेचाच जबाबदार अधिकारी हवा. पाय मोडला असेल तर पोस्टमनकडून घरबसल्या, आधारच्या ठशावर, रक्कम काढता येते.

सडा

मी डोंबिवलीत असतो. आई मालवण तालुक्यात एकटी राहते, वय सत्तर. तिचा पाय मोडला आहे, प्लास्टर आहे, आणि ती मुंबईला यायला तयार नाही. घर पाखाडीच्या, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेच्या, मधोमध, खाली रस्ता, वर देऊळ. तपासणीला न्यायचे म्हटले की वाडीतली मुले खुर्चीत बसवून उचलून आणतात. ती पडेल अशी मला सतत भीती वाटते. काय करावे?

जांभा

सडा, आईंना जबरदस्तीने नेऊ नये असे मला वाटते, पण एकटेही ठेवू नये. वाडीतली एखादी बाई रात्री सोबतीला झोपायला ठरवावी आणि तिला रीतसर पैसे द्यावेत. दिवसा शेजारी येतात-जातात. खरी भीती रात्रीची असते. आपण चार दिवस सुटी काढून जावे आणि आईंना विचारून एक पातळी ठरवावी. खाटेचे ठोकळे, कमोड खुर्ची आणि दिवा एवढे आपल्या हजेरीत बसवून घ्यावे, आणि निघण्यापूर्वी त्या सगळ्याचा वापर आपल्यासमोर करायला लावावा.

सुरंगी

सत्तरीत काखेतल्या कुबड्या सहसा जमत नाहीत. मापाला लावलेला, चार पायांचा वॉकर द्यावा आणि तो फक्त सपाटीवर वापरावा. वॉकर घेऊन पाखाडीवर पाऊल टाकू नये.

उचलून नेण्याविषयी : प्लास्टिकची खुर्ची वापरू नये, तिचे पाय फाकतात. हात असलेली लाकडी खुर्ची घ्यावी, बैठकीखालून दोन्ही बाजूंना जाड बांबू काथ्याने पक्के बांधावेत, आणि आईंना कमरेला पंचाने खुर्चीशी बांधावे. खुर्ची किंचित मागे झुकलेली ठेवून, उतरताना त्यांचे तोंड उताराकडे आणि चढताना पाठ चढाकडे राहील अशी न्यावी. चौघांनी धरावे आणि पाचव्याने पुढे चालत निसरड्या पायऱ्या सांगाव्यात. पाऊस पडत असेल तर थांबावे; तपासणी एक दिवस पुढे गेली तरी चालते, डॉक्टरांना फोन करून तसे कळवावे. रेल्वेने न्यायची वेळ आली तर स्टेशन मास्तरांकडे चाकाची खुर्ची मागता येते, त्यासाठी अपंगत्वाचे प्रमाणपत्र लागत नाही.

सडा

मनापासून आभार. शनिवारी निघतो आहे. कमोड खुर्ची इकडून आणू की तिकडे मिळेल?

बकुळ

मालवण-कुडाळकडे औषधांच्या मोठ्या दुकानांत चौकशी करावी, भाड्यानेही मिळू शकते. डोंबिवलीहून आणणार असाल तर घडीची घ्यावी, आणि निघण्यापूर्वी आईंच्या संडासाच्या दाराची रुंदी कोणाकडून तरी मोजून घ्यावी. जुन्या संडासांची दारे अरुंद असतात आणि खुर्ची आत जातच नाही.